आजीच्या आजीचा दाखला

कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या, घरांमध्ये एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. डेव्हिड रहाबी नावाचा एक परका ज्यू कोकणात आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारी तेल्यांची काही घरं त्याच्या नजरेत भरली. हे आपलेच लोक असावेत असा त्याला संशय आला. खात्री करून घ्यायला त्याने घरातल्या बायकांना मासळी रांधायला दिली. तिच्यात खवल्यांचे मासे होते आणि बिनखवल्यांचेही. बायकांनी बिनखवल्यांचे मासे उचलून बाजूला ठेवले. हे आमच्यात चालत नाही, म्हणाल्या. ज्यू धर्मशास्त्राला पर आणि खवले असलेलाच मासा चालतो. ते शास्त्र या बायकांनी वाचलेलं नव्हतं, पण त्यांच्या हातांना ते ठाऊक होतं. रहाबीची परीक्षा तिथेच संपली.

हा रहाबी कधी आला यावर एकमत नाही. काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. एवढं खरं की कोणी तरी बाहेरून आलं, या लोकांची ओळख पटवून घेतली, त्यांना हिब्रू आणि प्रार्थना शिकवल्या आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांतल्या माणसांना धर्मकृत्यं चालवण्याचा अधिकार दिला. लोक त्यांना काजी म्हणत.

पुढे बेने इस्राएलांची आणखी एक परीक्षा झाली, १९६० च्या दशकात, त्यांचाच म्हणवणाऱ्या देशात. या वेळी समोर मासळी नव्हती, लग्ननोंदणीचा अर्ज होता. त्यात आई, आजी आणि शक्य तितकी मागची पिढी तपासायची होती. इस्राएलमध्ये धर्मपीठ आणि लोकशाही सरकार यांच्यात जी ओढाताण सुरुवातीपासून चालत आली आहे, तिचा एक मोठा अध्याय या मराठी बोलणाऱ्या माणसांनी लिहिला आहे. महाराष्ट्रात तो फारसा कोणाला माहीत नाही, याचं वाईट वाटतं.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, असं बेने इस्राएल सांगतात. पोथ्या समुद्रात बुडाल्या आणि ‘शेमा’ ही एकच प्रार्थना तोंडपाठ राहिली. हे लोक घाण्यावर तेल काढू लागले. शनिवारी काम बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. पेणचे ते पेणकर, किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, तळ्याचे तळकर. सणांची नावंही इथल्या मातीतली. नवं वर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. पुरीम होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुखवट्याच्या दिवशी वालाचं बिरडं करायचं, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विध्वंसाची आठवण ताटातल्या वालावर टिकून राहिली.

अठराव्या शतकापासून ही मंडळी मुंबईला आली, कंपनीच्या पलटणीत भरती झाली. समाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल एझिकेल याने १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव या मशिदीवरून पडलं असं मानतात. पुढे याच समाजातले डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले.

ज्यू म्हणून आपण कमी आहोत, असं त्यांना हिंदू किंवा मुसलमान शेजाऱ्यांनी कधी म्हटलं नाही. तसं म्हणणारे दुसरे ज्यू होते. एकोणिसाव्या शतकात बगदादहून आलेल्या व्यापारी ज्यूंनी मुंबईत बस्तान बसवलं. सुरुवातीला ते बेने इस्राएलांच्याच मशिदीत प्रार्थना करत. पुढे अंतर पडत गेलं. सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत बेने इस्राएल मोजायचा की नाही, एकाच दफनभूमीत मधे भिंत घालायची की नाही, असे वाद उभे राहिले. यांच्या रक्तात बाहेरचं मिसळलं आहे, यांना घटस्फोटाचं शास्त्र ठाऊक नव्हतं, अशी शंका काढली गेली. हे लिहिताना एक गोष्ट लपवता येत नाही. बेने इस्राएलांच्या आतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. ज्यू नसलेल्या बायकांपासून झालेल्या संततीला ‘काळे इस्राएल’ म्हणून वेगळं बसवलं जाई. भोवतालच्या जातिव्यवस्थेचं पाणी याही घरात मुरलं होतं.

इस्राएलमध्ये १९६२ मध्ये लग्ननोंदणीवरून जे घडलं त्याचं मूळ मात्र मुंबईत सापडत नाही. ते १९ जून १९४७ च्या एका पत्रात आहे.

तेव्हा पॅलेस्टाइनमध्ये संयुक्त राष्ट्रांची समिती आली होती. ज्यूंना स्वतंत्र राज्य हवं की नको, हे ती विचारत फिरत होती. ज्यू एजन्सीचे प्रमुख डेव्हिड बेन गुरियन स्वतः देवधर्मात न गुंतणारे, समाजवादी विचारांचे. कट्टर धार्मिकांचा ‘अगुदात यिस्राएल’ हा पक्ष समितीपुढे विरोधात बोलला असता, तर सगळा डाव बिघडला असता. म्हणून त्या पक्षाला एक पत्र गेलं. त्यावर बेन गुरियन, रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) येहुदा लेब फिशमन आणि यित्झाक ग्रुएनबाउम या तिघांच्या सह्या होत्या. त्यात चार आश्वासनं होती: शनिवार हा सुटीचा दिवस राहील, सरकारी स्वयंपाकघरांत धर्माला चालेल तेच अन्न शिजेल, लग्नाच्या बाबतीत धार्मिकांची गरज भागेल आणि समाज दुभंगणार नाही असं पाहिलं जाईल, धार्मिक शाळांना स्वायत्तता असेल. जे चालू आहे तेच पुढे चालू राहील, असा पत्राचा रोख. या तडजोडीला इस्राएलमध्ये ‘जैसे थे’ म्हणूनच ओळखतात.

‘जैसे थे’मधलं ‘जैसे’ होतं तुर्कांच्या काळातलं. ऑटोमन राज्यात लग्न आणि घटस्फोट ज्या त्या धर्माच्या पंचायतीकडे असत. इंग्रजांनी तीच व्यवस्था ठेवली आणि १९२१ मध्ये ज्यूंसाठी मुख्य रब्बींचं कार्यालय उभं केलं. दोन मुख्य रब्बी: एक युरोपीय परंपरेचा, एक पूर्वेकडच्या परंपरेचा. १४ मे १९४८ ला इस्राएल जन्माला आलं, तेव्हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात देवाचं नाव घालायचं की नाही यावर घासाघीस झाली. शेवटी ‘इस्राएलचा खडक’ असा शब्द निघाला. धार्मिकांनी त्यात देव वाचावा, बाकीच्यांनी आपला इतिहास वाचावा. त्याच वर्षी राज्यघटना करायचं ठरलं होतं, ती झालीच नाही. १९५० मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की घटना एकेका मूलभूत कायद्याच्या रूपाने हळूहळू आणू. घटना करायची म्हणजे वर कोण, धर्म की संसद, हे लिहून ठेवावं लागलं असतं, आणि ते कोणालाच नको होतं.

बेन गुरियननी आणखीही सोडून दिलं. पोथीपाठात बसलेल्या सुमारे चारशे विद्यार्थ्यांना सैन्यातून सूट मिळाली. युरोपातल्या अशा पाठशाळा नाझींनी उद्ध्वस्त केल्या होत्या, त्यांतलं शेष टिकावं असा त्यामागे विचार होता. ऑक्टोबर १९५२ मध्ये बेन गुरियन ब्ने ब्राक या गावी जाऊन ‘हझोन इश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थोर पंडिताला भेटले. धार्मिक आणि निधर्मी एकत्र कसे राहतील, हा त्यांचा प्रश्न होता. पंडिताने तालमुद या धर्मग्रंथातला दाखला दिला: अरुंद वाटेवर भरलेलं आणि रिकामं वाहन समोरासमोर आलं, तर रिकाम्याने बाजूला व्हावं. आमच्यावर शास्त्राचा भार आहे, तुम्ही रिकामे आहात, असा त्याचा अर्थ. बेन गुरियननी विचारलं, वसाहती उभारणं, सीमा राखणं हा भार नाही का? त्यावर एकमत झालं नाही. पुढची सत्तर वर्षं दोन्ही बाजू हेच एकमेकींना विचारत आल्या आहेत.

मग १९५३ चा कायदा आला. इस्राएलमधल्या ज्यूंच्या लग्न-घटस्फोटाचे प्रश्न फक्त रब्बींच्या न्यायालयात सुटतील, असं संसदेने ठरवलं. सरकारी कचेरीत जाऊन नोंदणी पद्धतीने लग्न करायची वाट त्या देशात उघडलीच नाही. लग्न ठरलं की जोडप्याने गावच्या रब्बी कार्यालयात जायचं, फाइल उघडायची, आई-वडिलांचा ‘केतुबा’ म्हणजे विवाहपत्र दाखवायचं, आणि मुलगा-मुलगी ज्यू आहेत, अविवाहित आहेत हे साक्षीदारांनी सांगायचं. टेबलापलीकडचा रब्बी सरकारचा पगार घेतो. पण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणताना तो संसदेचं मत विचारत नाही. तो शास्त्र पाहतो.

याच टेबलासमोर कोकणातून आलेली माणसं उभी राहिली.

१९४८ पासून बेने इस्राएल इस्राएलला जाऊ लागले. त्यांना कोणी हाकललं नव्हतं. पासपोर्ट काढून, मुंबईची खोली सोडून, मनाने ते गेले. सुरुवात कठीण होती. बीरशेबाच्या उन्हात हाती आलेलं काम, घर, रोटी यांत आपल्याला दुजाभाव मिळतो अशी तक्रार करत काहींनी ज्यू एजन्सीपुढे ठिय्या दिला, आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक जण विमानाने मुंबईला परतले. त्यांतले बरेचसे काही वर्षांनी पुन्हा इस्राएलला गेले. भाकरीचा प्रश्न काळाबरोबर सुटत गेला.

लग्नाचा सुटला नाही. १९६० च्या सुमारास काही गावांतल्या रब्बींनी बेने इस्राएल मुलामुलींची इतर ज्यूंशी लग्नं लावायला नकार दिला. समाज खवळला. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बी परिषदेने निकाल दिला की बेने इस्राएलांशी लग्नाला मनाई नाही. लोकांना वाटलं, मिटलं. पण १९६२ च्या सुरुवातीला लग्न नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या आणि त्यांतून जुनी शंका मागच्या दाराने परत आली. बेने इस्राएल अर्जदार आला, तर त्याची आई, आजी आणि जमेल तितकी मागची पिढी ज्यू होती का हे तपासावं; आई-वडिलांत किंवा आजी-आजोबांत कोणाचं घटस्फोटानंतर दुसरं लग्न झालं होतं का ते पाहावं; संशय उरला तर प्रकरण रब्बी न्यायालयाकडे पाठवावं. तेव्हा पूर्वेकडच्या परंपरेचे मुख्य रब्बी होते यित्झाक निसिम. ते जन्माने बगदादचे.

निसिमांना केवळ आकसखोर ठरवलं की गोष्ट सोपी होते, पण खरी राहत नाही. ज्यू धर्मशास्त्रात विवाहित बाईला नवऱ्याने रीतसर ‘गेट’, म्हणजे घटस्फोटपत्र, दिल्याशिवाय ती सुटत नाही. गेट नसताना तिने दुसरं लग्न केलं, तर त्या संसारातली मुलं ‘ममझेर’ ठरतात, आणि ममझेराला सामान्य ज्यूशी लग्न करता येत नाही. तो डाग पिढ्यान् पिढ्या पुसला जात नाही. शास्त्र मानणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही भयंकर गोष्ट आहे. शेकडो वर्षं पंडितांपासून तुटलेल्या समाजात असे घटस्फोट झालेच नसतील कशावरून, हा प्रश्न त्याला झोपू देत नाही.

बेने इस्राएलांचं उत्तर कोकण जाणणाऱ्या कोणालाही लगेच पटेल. त्या खेड्यांत घटस्फोट होतेच कुठे? शेजारच्या हिंदू घरांसारखी इथली विधवासुद्धा दुसरं लग्न करत नसे. जो समाज काडीमोडाचं नाव काढत नाही, त्याच्यावर चुकीच्या काडीमोडाचा संशय घ्यायचा, हे कसलं शास्त्र? रब्बींना ज्या रूढीची कल्पना नव्हती, तीच रूढी या लोकांची सर्वांत बळकट साक्ष होती.

आणि कागद आणायचा कुठून? रेवदंड्याच्या किंवा पनवेलच्या घाण्यावर राबणाऱ्या तेलणीच्या लग्नाची नोंद कोणी ठेवली असेल? पोलंड-रुमानियातून आलेल्या ज्यूंची गावंच्या गावं दप्तरांसकट जळाली होती. त्यांच्या समाजाचं नाव घालून असा वेगळा नियम काही निघाला नाही. तो भारतातून आलेल्यांसाठीच निघाला. तपासणीपेक्षाही हा भेद जास्त लागला. हे लोक धर्म सोडून आलेले नव्हते. मलिद्याच्या ताटात पोहे, गूळ, खोबरं, फळं मांडून प्रेषित एलियाची आळवणी करणारे, शनिवार पाळणारे, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणारे हे लोक. धर्मपीठाशी त्यांचं भांडण ते श्रद्धाळू होते म्हणूनच जास्त खोल गेलं. निधर्मी इस्राएली माणूस रब्बीला टाळतो. यांना रब्बीच्याच हातून लग्न हवं होतं.

इस्राएलमधला हा संघर्ष देव मानणारे विरुद्ध न मानणारे असा रंगवला जातो. बेने इस्राएलांच्या बाबतीत ते चित्र तोकडं पडतं. रजिस्टर कोणाच्या हाती आणि त्याला जाब कोण विचारणार, एवढाच इथे प्रश्न होता.

समाजाने कृती समिती केली. सॅमसन जे. सॅमसन हे तिचं नेतृत्व करत होते. अर्ज झाले, निवेदनं झाली, मोर्चे झाले. सरकार सहानुभूती दाखवत राहिलं आणि वेळ काढत राहिलं. कारण उघड होतं. बेन गुरियन आणि जून १९६३ नंतर लेव्ही एश्कोल, दोघांचंही मंत्रिमंडळ धार्मिक पक्षाच्या टेकूवर उभं होतं. रब्बींना दुखवलं की सरकार डळमळणार.

१९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्राएल कुटुंबं जेरुसलेमला आली आणि ज्यू एजन्सीच्या आवारासमोर बसली. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळी. ठिय्या दिवसांवरून आठवड्यांवर गेला. गांधींच्या देशातून आलेल्यांना बसून राहायचं कसं ते शिकवावं लागलं नाही. मागणी एकच होती: आमच्या समाजाचं नाव त्या नियमातून काढा.

१७ ऑगस्ट १९६४ ला क्नेसेटचं खास अधिवेशन बोलावलं गेलं. एश्कोल यांनी निवेदन केलं आणि संसदेने ते उचलून धरलं. भारतातून आलेला बेने इस्राएल समाज सर्वार्थाने ज्यू आहे, कसलीही अट नाही, लग्नासकट प्रत्येक बाबतीत इतर ज्यूंच्या बरोबरीचा आहे, असं सरकार मानतं. भेदभावाची भावना ज्यामुळे निर्माण झाली ती कारणं रब्बी परिषदेने दूर करावीत, असं आवाहन सरकार करतं. ‘आवाहन’ हा शब्द नीट वाचावा. देशाची सर्वोच्च सभा, लोकांनी निवडून दिलेली, आणि आपल्याच पगारावरच्या कार्यालयाला ती हुकूम देत नव्हती, विनंती करत होती. १९५३ मध्ये दिलेली किल्ली मागायची तिची तयारी नव्हती.

३१ ऑगस्टला रब्बी परिषदेची बैठक झाली. नियमातून ‘बेने इस्राएल’ हे शब्द गेले. त्यांच्या जागी आलं की ज्याच्या घराण्याविषयी संशय असेल, अशा कोणाचीही तपासणी करावी. तपासणी राहिली, फक्त समाजाचं नाव गेलं. ठिय्या उठला. बेने इस्राएलांनी हा विजय मानला, आणि तो विजयच होता. त्या देशात धर्मपीठाने रस्त्यावर बसलेल्या सामान्य माणसांमुळे आपलं लिहिलेलं बदललं.

त्याच काळात दुसऱ्या बाजूनेही कायद्याला फट पडत होती. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुंक-श्लेसिंगर खटल्यात ठरवलं की सायप्रसमध्ये नोंदणी पद्धतीने झालेलं लग्न गृहखात्याने नोंदवून घेतलं पाहिजे. तेव्हापासून रब्बीकडे जायचं नसलेली किंवा ज्यांना रब्बी उभंच करत नाही अशी जोडपी विमानाने सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे आहेत त्याला ही वाट आहे.

संशयाची तरतूद कायम राहिल्याचा अर्थ पुढे इतरांना कळला. १९८० च्या दशकात इथिओपियातून ज्यू आले. मुख्य रब्बी ओवाडिया योसेफ यांनी १९७३ मध्येच त्यांना ज्यू म्हणून मान्यता दिली होती. तरी लग्नाआधी विधिपूर्वक स्नान करून धर्मांतरासारखा संस्कार घ्या, असा आग्रह धरला गेला. १९८५ मध्ये ते जेरुसलेममध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयासमोर महिनाभर बसले. १९९० नंतर सोव्हिएत संघातून सुमारे दहा लाख लोक आले. आजोबा ज्यू म्हणून त्यांतल्या लाखोंना नागरिकत्व मिळालं, पण आई ज्यू नाही म्हणून लग्नाच्या टेबलाशी ते ज्यू ठरले नाहीत. नागरिकत्वासाठी एक व्याख्या आणि लग्नासाठी दुसरी, असा दुहेरी हिशेब त्या देशात आजही चालतो. सैन्यातून सूट मिळालेल्या चारशे मुलांचे पुढे हजारो झाले, आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एकमताने सांगावं लागलं की या सवलतीला आता कायद्याचा आधार नाही.

आज इस्राएलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू असल्याचं सांगितलं जातं. त्यांत सर्वांत मोठा वाटा बेने इस्राएलांचा. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला या गावांत मराठी कानावर पडतं, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघत आलं आहे. तिथे जन्मलेल्या पिढीची इतर ज्यूंशी लग्नं होतात आणि बहुतेक वेळा कोणी काही विचारत नाही. तरीही १९९७ मध्ये, त्या ठिय्यानंतर ३३ वर्षांनी, पेताह तिकवाच्या मुख्य रब्बीने बेने इस्राएलांची लग्नं नोंदवायला पुन्हा नकार दिला होता. १९५३ चा कायदा अजून लागू आहे.